माझा हात, सासूबाईंचा हात

बेलवाडीच्या महादेवाला जायचं तर चाकूरहून ऑटो मिळतो. ऑटोवाला टेकडीच्या पायथ्याशी सोडतो आणि पायऱ्या सुरू व्हायच्या आधी पत्र्याचं एक दुकान लागतं. नारळ, केळी, फुटाणे, खडीसाखर, बेलपानाच्या जुड्या, विभूतीच्या वड्या असा माल. मालाच्या मधोमध रत्नम्मा तोंडारे बसलेली असते. वय एकसष्ट, कपाळाला विभूती, नाकात जुन्या घडणीची मोरणी आणि मांडीशी वेळूची काठी. काठी वानरांसाठी असते. पण गिऱ्हाइकानं घासाघीस फार लावली की ती नक्की कुणासाठी आहे याची खात्री देता येत नाही.

रत्नम्माचं माहेर भालकीकडचं, सीमेपलीकडचं. बेचाळीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन बेलवाडीत आली तेव्हा सासरी खटकू शकतील अशा दोन गोष्टी सोबत घेऊन आली. एक कानडी जीभ आणि दुसरा डावा हात. जिभेचं कुणाला काही वाटलं नाही. त्या भागात निम्म्या सुना तिकडूनच येतात. घात केला तो हातानं, आणि तोही पहिल्याच पंगतीत. नव्या नवरीनं बुंदी वाढायची म्हणून तिच्याकडे पातेलं दिलं. तिनं ते उजव्या हातात धरलं, डाव्यानं मूठ भरली आणि पहिल्या पानावर घातली. ते पान नेमकं नवऱ्याच्या थोरल्या मामांचं. मामा भरल्या पानावरून उठले आणि तरातरा रस्त्याला लागले. उदगीरची गाडी निघून गेली होती म्हणून परत आले, नाहीतर नातं तिथंच तुटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी तिचा डावा हात पदरानं कमरेला बांधून टाकला. सव्वा महिना तो बांधलेलाच होता. तेवढ्या दिवसांत ती उजव्या हातानं भाकरी थापायला शिकली. पण ती भाकरी लातूर जिल्ह्याच्या नकाशासारखी व्हायची, निलंग्याकडे जाड आणि अहमदपूरकडे पातळ.

तेव्हापासून तिच्या मनात हातांची नावंच बदलली. उजवा तो सासूबाईंचा हात, आणि डावा तो माझा हात. चारचौघांत सासूबाईंचा, एकटी असली की माझा. नऊ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यांचा हात मात्र नोकरीवर राहिला. रत्नम्मा नारळ त्यानंच द्यायची, सुट्टे पैसे त्यानंच मोजायची, आणि मोजताना दर वेळी एक रुपया खाली पडायचा.

आता वानरांचं. बेलवाडीच्या टेकडीवर काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानरांचा एक कळप आहे, तेवीस जणांचा. दुकान टाकल्यापासून बावीस वर्षं रत्नम्माचं त्यांच्याशी वैर. आणि वैरी नीट ओळखावा लागतो. कोण समोरून येतो, कोण पत्र्यावरून उतरतो, कोण पोर पोटाशी धरून केविलवाणं तोंड करते आणि मागच्या मागे केळ्याचा घड ओढते, हे तिला पाठ होतं. ओळखायचं तर नावं हवीत, म्हणून तिनं नावं ठेवली होती. दुसऱ्याचं पोर जबरदस्तीनं ओढून तपासणारी ती नर्सबाई. फक्त सोमवारी गर्दीच्या दिवशी येऊन रुसून बसणारा तो जावई. प्रत्येकाच्या तोंडातला घास मागत फिरणारा तो कंडक्टर. आणि कळपाचा म्होरक्या, जाड भुवयांचा, सगळ्यात उंच फांदीवर बसणारा, आधी स्वतः खाऊन मग दुसऱ्यांना हाकलणारा, त्याचं नाव सिद्रामप्पा.

हे नाव उगीच आलेलं नव्हतं. गावात सिद्रामप्पा पाटणे म्हणून होते, देवस्थानच्या पंचांचे अध्यक्ष. पाण्याच्या टाकीवर, सिमेंटच्या बाकांवर, घंटेवर, सगळीकडे त्यांचं नाव रंगवलेलं. भुवयाही तशाच. रत्नम्मानं ती नावं कधी कुणाला सांगितली नव्हती. मनात ठेवलेल्या नावाला कोण विचारतो?

मागल्या डिसेंबरात एक मुलगी ऑटोतून उतरली. पाठीला पिशवी, हातात पांढऱ्या प्लास्टिकच्या पाईपाचे वीतभर लांबीचे दहा-बारा तुकडे.

"काय विकाय आलीस गं?" रत्नम्मानं विचारलं.

"विकायला नाही, मावशी. मी ऋतुजा, नांदेडहून आले. विष्णुपुरीला राहते. वानरांचा अभ्यास करून राहिले मी."

"ते तुजा अभ्यास करायच्या आत पिशवी आत ठिव."

ऋतुजानं पिशवी आत ठेवली आणि सांगितलं. तिचा पीएच.डी.चा प्रबंध होता. वनखात्याची परवानगी होती. पाईपात आतल्या बाजूनं शेंगदाण्याचा कूट आणि गूळ लावायचा. वानर एका हातानं पाईप धरतो, दुसऱ्या हाताचं बोट आत घालून कूट काढतो. कोणत्या हाताचं बोट, एवढंच लिहायचं.

"म्हंजे कोण्या हातानं खात्यात, ते?"

"हाव."

"आन मग? डाव्यानं खाल्लं तर तू मारणार त्यांला?"

"मारायचं कशाला? लिहायचं फक्त."

कुणी कोणत्या हातानं खाल्लं हे बघायचं आणि तरी रागवायचं नाही, असा अभ्यास जगात असतो हे रत्नम्माला त्या दिवशी समजलं. तिनं सासूबाईंच्या हातानं ऋतुजाला चहा दिला. अर्धा बशीत सांडला.

चौथ्या दिवशी ऋतुजा पायरीवर डोकं धरून बसली होती. पाईप वानरांना आवडले होते. अडचण वेगळीच होती. मघाशी आलेला वानर आणि आता आलेला वानर एकच की दोन, हेच तिला कळत नव्हतं. सगळी तोंडं काळी, सगळ्या शेपट्या लांब.

"सगळे सारखेच दिसतात, मावशी."

"सारखे?" रत्नम्मा दुखावल्यासारखी झाली. "तुला शिकलेली माणसं समदी सारखीच दिसत्यात का? ती बघ, कान फाटलेली, ती नर्सबाई. तो पाठ करून बसलाय तो जावई. आन ह्यो कंडक्टर, ह्याला पाईप देऊ नगो, दुसऱ्याचा मागतंय त्ये."

ऋतुजानं वही उघडली. अर्ध्या तासात तेवीस नावं लिहून झाली. शेवटच्या नावाशी रत्नम्मा जरा अडखळली, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात सांगून टाकलं. ऋतुजाला गावातलं कुणीच ठाऊक नव्हतं. तिनं नाव निमूट लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून काम असं चाललं की वानर पाईप उचलायचा, रत्नम्मा त्याच्याकडे बघत आपलाही तसाच हात हलवायची आणि दुकानातून ओरडायची. ऋतुजाला समोरून बघताना त्याचा डावा आपल्या उजवीकडे येतो म्हणून विचार करावा लागायचा. रत्नम्माला विचार लागतच नव्हता. फक्त तिला डावा-उजवा हे शब्द पटकन यायचे नाहीत.

"नर्सबाई, सासूबाईंचा! परत सासूबाईंचा! कंडक्टर, माजा! जावई... ह्याला दोनी चालत्यात, कामाचा न्हाई ह्यो!"

ऋतुजानं पहिल्याच दिवशी अर्थ विचारून घेतला आणि वहीत दोन रकाने पाडले: 'मा' आणि 'सा'. पडताळ्यासाठी मधूनमधून ती मोबाईलवर व्हिडिओही घ्यायची. त्या दुपारी तिनं बुंदीची गोष्टही ऐकली, आणि हसावं की नाही हे न कळून पाण्याची बाटली तोंडाला लावली.

महिनाभर सगळं सुरळीत होतं. मग एका सकाळी ऋतुजा वही दुकानाच्या फळीवर विसरून मंदिराकडे गेली आणि सिद्रामप्पा खडीसाखर घ्यायला आले. फळीवर वही दिसली. सिद्रामप्पांना छापलेलं, रंगवलेलं, लिहिलेलं काहीही दिसलं की त्यात आपलं नाव शोधायची सवय होती. आणि या वेळी ते सापडलं.

त्यांनी मोठ्यानं वाचलं. पायरीवर सात-आठ माणसं होती.

"'सिद्रामप्पा. नर, वय अंदाजे बारा. भुवया दाट. स्वभाव भांडखोर. दुसऱ्याच्या हातचं हिसकावून खातो. डाव्या हाताचा वापर: साठापैकी छप्पन्न वेळा.'"

पायरीवरच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं. रत्नम्मानं हळूच काठी उचलून पलीकडे सरकवली.

"हे कुणाचं काम हाय?" सिद्रामप्पा म्हणाले.

"वान्नराचं वर्णन हाय ते, अण्णा," रत्नम्मा म्हणाली, आणि बोलल्यावर तिला वाटलं, गप्प राहिले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मंदिराच्या मंडपात बैठक बसली. निम्मं गाव आलं, कारण वहीतलं वर्णन तोवर चाकूरच्या बाजारापर्यंत पोचलं होतं. सिद्रामप्पांनी घसा खाकरला.

"माजी तकरार दोन गोष्टींची हाय. एक, माजं नाव. ते जाऊ द्या, मोठ्या माणसाच्या नावाला लोक झोंबणारच. पर दुसरी लई वाईट हाय. आपल्या देवस्थानचे वान्नर डावरे हाईत म्हून ही पोरगी पुस्तकात लिहाय लाली. महादेवाचा परसाद डाव्या हातानं खात्यात म्हनं! डावा हात कशाचा असतो, बायामाणसांपुढं सांगू का? हे पाईप-बिईप आजपासून बंद."

ऋतुजा उभी राहिली. आकडे, परवानगी, अभ्यास असं काही सांगायला लागली. ते कुणाच्याच कानावर गेलं नाही. रत्नम्मा बायकांच्या मागच्या रांगेत बसली होती. तिला बेचाळीस वर्षांत अशा बैठकीत तोंड उघडायची वेळ आली नव्हती. तिचे तळवे ओले झाले, दोन्ही.

"अण्णा," ती उठून म्हणाली, "एक इचारू का? सकाळी तुमी इष्टलिंगाची पूजा करता, तवा लिंग कोण्या तळव्यावर ठिवता?"

प्रश्न साधा होता. लिंगायतांच्या घरोघरी रोज होणारी गोष्ट. सिद्रामप्पांनी विचारही केला नाही. सवयीनं तळहात पसरून पुढे धरला. मंडपातली सगळी माणसं त्या हाताकडे बघायला लागली. मग सिद्रामप्पांनीही बघितलं. तो डावा होता.

"म्हंजे देवाला बसायला चालतोय," रत्नम्मा म्हणाली, "आन वान्नराला कूट खायाला चालत न्हाई व्हय? आन आता सांगतेच. मीबी अजून डावरीच हाय. जलमाची. तुमाला दिलेले समदे नारळ उजव्या हातानं दिले, म्हून त्यातले निम्मे पायरीवर पडून फुटले."

मंडपात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला एक माणूस उभा राहिला. तो रत्नम्माचा नवरा शिवशंकर होता. शिवशंकर बैठकीत बोलतो असा गावाचा अनुभव नव्हता. घरात बोलतो असा रत्नम्माचाही नव्हता.

"मला चाळीस वर्सं झाली ठावं हाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आई गावाला गेली की ही डाव्यानं भाकरी करायची. ती गोल यायची. त्या दिशी मी दोन जास्ती खायाचो." एवढं सांगून तो खाली बसला आणि टोपी काढून उगीच झटकत राहिला.

रत्नम्मा त्याच्याकडे बघतच राहिली. चाळीस वर्षं हा माणूस दोन भाकरी जास्त खात होता आणि तिला वाटायचं, शेतात काम जास्त पडलं असेल.

बैठकीचा रंग पालटला हे सिद्रामप्पांच्या ध्यानात आलं. पण सहज माघार घेतील तर ते सिद्रामप्पा कसले? ते म्हणाले, "बरं. माज्यासमोर दावा. तो वान्नर खरंच डावरा निघाला, तर चालू द्या तुमचं."

सगळी बैठक पायऱ्यांवर उतरली. ऋतुजानं दहा पाईप भरले. रत्नम्मानं जिभेनं टकटक असा आवाज काढला तशी वडाच्या शेंड्यावरून जाड भुवयांचा तो म्होरक्या फांदी फांदी करत खाली आला आणि सिद्रामप्पांपासून चार हातांवर बसला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मागून कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं.

पाईप सिद्रामप्पांनी स्वतःच्या हातानं द्यायचे ठरले, म्हणजे लबाडी नको. पहिला दिला. वानरानं उजव्यात धरला, डाव्याचं बोट घातलं.

"माजा!" रत्नम्मा ओरडली.

दुसरा, तिसरा, चौथा. "माजा! माजा! माजा!" पाचव्याला पायरीवरचे लोकही ओरडायला लागले. सातव्याला वानरानं हात बदलला तेव्हा सिद्रामप्पांचा चेहरा खुलला, "सासूबाईंचा!" असं त्यांच्याच तोंडून निघून गेलं, पण आठव्यापासून पुन्हा डावा. दहा झाले. नऊ विरुद्ध एक. वानर मात्र अकराव्याची वाट बघत बसला होता. तो मिळेना. सिद्रामप्पांनी रिकामा पाईप परत घ्यायला वाकून हात पुढे केला.

वानरानं त्यांच्या गालावर चापट मारली. लागण्यासारखी नव्हती; पण आवाज शेवटच्या पायरीपर्यंत गेला. मग तो पाईप घेऊन वडावर चढला.

महिनाभराच्या सवयीनं रत्नम्माच्या तोंडून निघून गेलं, "माजा!" आणि ऋतुजानंही सवयीनं वहीत खूण केली. ती खूण तिनं नंतर खोडली, कारण चापट ही अन्न घेण्यात मोजत नाहीत.

पाईप बंद झाले नाहीत. सिद्रामप्पा आठवडाभर टेकडीकडे फिरकले नाहीत. पण लातूरच्या एका पेपरात बेलवाडीच्या वानरांवर चार ओळी आल्या आणि लोक सहकुटुंब यायला लागले. येऊन विचारायचे, "सिद्रामप्पा कोणता?" हे कानावर गेल्यावर मूळ सिद्रामप्पांना राहवेना. ते स्वतःच पायरीवर उभे राहून बोट दाखवायला लागले, "तो बघा, वरचा. लई हुशार हाय." मार्चात ऋतुजानं सांगितलं, प्रबंधात नावं चालत नाहीत, वानरांना क्रमांक द्यावे लागतील, तेव्हा सगळ्यात जास्त वाईट त्यांनाच वाटलं.

"माजं नाव काढाय कुणी सांगितलं तुला?" ते ऋतुजावर खेकसले. शेवटी त्यांचं नाव आभाराच्या पानावर घ्यायचं ठरलं. 'माणूस' असं कंसात लिहा, हा त्यांचा आग्रह मात्र मानला गेला नाही.

आकडे जुळले ते असे: अकरा वानर डावे, दहा उजवे, दोन मनाला येईल तसे. रत्नम्मानं हे ऐकून विचारलं, "म्हंजे कोण जितलं?"

"कुणीच नाही, मावशी. प्रत्येकाचा आपापला हात. कळपाचा असा हात नाही."

"मग एवढं शेंगदाणे कशापायी घातले गं?" रत्नम्मा म्हणाली, पण दिवसभर ती खुशीत होती. संध्याकाळी तिनं एका बाईला नारळ दिला, डाव्या हातानं. बाईनं घेतला, पिशवीत टाकला आणि पायऱ्या चढून गेली. तिला काही जाणवलंसुद्धा नाही.

जुलैत नांदेडला ऋतुजाची तोंडी परीक्षा होती. तिनं हट्टानं रत्नम्मा आणि शिवशंकर दोघांना बोलावलं. दुकान एका दिवसापुरतं सिद्रामप्पांनी सांभाळलं. परीक्षक बाहेरगावचे, उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मूळ वह्या चाळल्या आणि विचारलं, "हे मा आणि सा काय आहे?"

ऋतुजानं मागच्या खुर्चीकडे बघितलं. "नोंदी ज्यांनी केल्या त्या इथंच आहेत, सर."

रत्नम्मा उभी राहिली आणि दोन वाक्यांत सांगितलं. बुंदीचं सांगितलं नाही. साहेब परका माणूस. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चारशे नोंदी व्हिडिओशी ताडून बघितल्या, असं इथं लिहिलंय. चारशेपैकी तीनशे सत्त्याण्णव बरोबर. फार चांगलं आहे हे. ज्या तीन चुकल्या, त्या का चुकल्या असाव्यात?"

"दोन टायमाला गिऱ्हाईक आलं होतं," रत्नम्मा म्हणाली. "मी बघितलंच न्हाई, अंदाजानं वरडले."

"आणि तिसरी?"

"ते खोटं बोलले मी, साहेब. नर्सबाईनं सासूबाईंचा हात लावला होता. पर त्या दिशी मला तिचा माजा असावा वाटला."

परीक्षकांनी हे वहीच्या कडेला लिहून घेतलं. ऋतुजा पास झाली.

रात्र व्हायच्या आत दोघं परतली. सिद्रामप्पा दुकानात काठी मांडीवर घेऊन बसले होते आणि केळ्यांचा घड बांधायची सुतळी नुसती लोंबत होती.

"केळी कुठं गेली, अण्णा?"

"सिद्रामप्पानं नेली," सिद्रामप्पा म्हणाले.

आता ऋतुजाला माहूरच्या लाल तोंडाच्या माकडांवर काम मिळालं आहे. परवा तिचा फोन आला, पंधरा दिवस या, तुमच्याशिवाय जमत नाही. रत्नम्मानं आधी आढेवेढे घेतले. लाल तोंडाचे वेगळे, ओळख नाही, नावं ठेवण्यापुरता तरी वेळ लागेल. मग पत्र्याची पेटी काढून तीत दोन साड्या, विभूतीची वडी आणि कुटासाठी चार किलो भाजलेले शेंगदाणे भरले. शिवशंकर दारात उभा राहून बघत होता. पंधरा दिवस भाकरीचं काय, असं त्याला विचारायचं होतं. पण बैठकीत एकदा बोलून झालं होतं, त्यामुळे तो शेंगदाण्याची पिशवी उचलून स्टँडकडे चालू लागला.